बिनफोडणीची घरं

सकाळी फिरायला निघाले की मी अजूनही लोकांच्या फोडण्या मोजते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचं, प्रत्येक दारापाशी किंचित रेंगाळायचं आणि नाक पुढे करायचं. मोहरी, हिंग, कढीपत्ता. इंदुरात सकाळी पोहे होत नाहीत असं घर म्हणजे कुलूप लावलेलं घर, तेव्हा वास यायलाच हवा. आला की पुढचं दार. शेजारणींना वाटतं म्हातारीला भूक लागते. दोघीतिघींनी दयेपोटी वाटीभर पोहे आणून दिले. मी ते खाल्ले. निरीक्षणात व्यत्यय न येता जे मिळेल ते घ्यावं.

चैत्र जवळ आला की हे वेड वाढतं. कडुलिंबाची पानगळ होऊन तांबूस पालवी फुटते, मग तो बारीक पांढरा मोहर, आणि सगळ्या गल्लीवर एक कडवट-गोड वास पसरून राहतो. त्या वासाखाली फोडणी दबते. नाक जास्त लावावं लागतं.

मध्यंतरी करोनाच्या काळात टीव्हीवर रोज एक नवा माणूस येऊन पुढची लाट केव्हा येणार ते सांगायचा. मागे रंगीत डोंगर काढलेला असे. नातू म्हणाला, आजी, बघ, आता गणितानं रोगाचा अंदाज करतात. त्याचा तो ‘आता’ मला लागला. मी म्हटलं, बाबा रे, आम्ही फोडणीवरून करत होतो. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला ओळखीची होती. सत्तर वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत बसलेल्या सगळ्या पागोट्यांनी आणि टोप्यांनी कुमुदवहिनीकडे तसंच पाहिलं होतं.

तेव्हा इंदूर मध्यभारतात होतं. त्या राज्याला राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. शिंद्यांचं गाव मोठं की होळकरांचं, या प्रश्नावर हा तोडगा निघाला होता. त्यामुळे सरकार वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचं: फायली, टाइपरायटर, शिपाई, साहेबांच्या लोणच्याच्या बरण्या. सरकार येण्याचा एक हंगामच असायचा. देपालपूरकडून गव्हाच्या गाड्या आणि ग्वाल्हेरकडून फायलींचे ट्रक एकाच सुमाराला गावात शिरत. गव्हाचं पुढे पीठ तरी व्हायचं.

त्या वर्षी सरकारबरोबर एक नवे मंत्री पहिल्यांदाच येणार होते, म्हणून स्वागत समिती नेमली होती. अध्यक्ष मामासाहेब. जुने सरदार. राजे गेले, दरबार गेला, पण स्वागत करायची सवय हाडात राहिली. कुणाचं करायचं याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. हाराचं माप त्यांनी बदललं नव्हतं. समितीचे चिटणीस माझे वडील, अण्णा. होळकरांच्या कचेरीत उमेदवारी केलेले, आता मध्यभारताच्या कचेरीत हेडक्लार्क. अण्णांची समितीला देणगी म्हणजे एक नकाशा. स्टेशनपासून राजवाड्यापर्यंतच्या रस्त्यावर कोणत्या शाळेची मुलं कुठे उभी राहणार, हे त्यांनी निळ्या पेन्सिलीनं आखून आमच्या बैठकीच्या भिंतीवर टाचलं होतं. तो नकाशा समितीनं रीतसर मंजूर केला होता. अण्णांच्या हिशेबी मंजूर झालेल्या कागदात फेरफार करायला किमान विधानसभा बोलवावी लागली असती.

आणि त्याच घरात, त्याच भिंतीपलीकडे, माझी वहिनी राहत होती.

कुमुदवहिनी आदल्या वर्षी साताऱ्याहून लग्न होऊन आली होती. माझा भाऊ रतलामला रेल्वेत, रविवारी घरी यायचा. बाकीचा आठवडा ती आणि आम्ही. आमची मराठी ऐकून पहिले काही दिवस ती नुसतीच बघत राही. आई म्हणायची, “मी भाजी चिरून राहिले,” आणि वहिनी वाट बघायची की चिरून झाल्यावर आई कुठे राहणार आहे. ती गणित घेऊन बी. ए. झाली होती. आमच्याच मुलींच्या शाळेत तिला तात्पुरती नेमणूक मिळाली, त्यामुळे घरी ती माझी वहिनी आणि शाळेत माझी बाई. घरी मी तिची वेणी घालायचे, शाळेत ती माझे कान धरायची.

तिच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, देवीचे दोन व्रण होते. त्याबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, “आम्ही दोघं भावंडं एकदमच आजारी पडलो. मी व्रण घेऊन उठले.” भावाचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही.

कॉलेजात असताना तिनं एका जुन्या इंग्रजी मासिकात मुंबईच्या प्लेगवर कुणी साहेबांनी मांडलेलं गणित वाचलं होतं. ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. फाल्गुनात एक दिवस तिनं फळ्यावर तीन चौकोन काढले. म्हणाली, या तीन खोल्या. पहिलीत ज्यांना देवी आलेल्या नाहीत आणि ज्यांच्या काढलेल्याही नाहीत, म्हणजे लस टोचलेली नाही, अशी माणसं. दुसरीत ज्यांना आत्ता आल्या आहेत ती. तिसरीत ज्यांच्या येऊन गेल्या. पहिलीतून दुसरीत रोज किती जाणार, हे दोन्ही खोल्यांत किती गर्दी आहे त्यावर ठरतं. मागची साथ येऊन गेली तेव्हा पहिली खोली जवळजवळ रिकामी झाली. मग पोरं जन्मली, गिरण्यांत नवे कामगार आले, सिंधमधून उठून आलेली कुटुंबं आली. खोली पुन्हा भरत गेली. एका हद्दीपलीकडे भरली की दार फुटतं. देवी कोपली म्हणून नव्हे, आणि मामासाहेब म्हणतात तसं हवेत गरमी वाढली म्हणूनही नव्हे.

“होळीची लाकडं रचून झाली की काडी कुणी ओढली हे विचारू नये,” ती म्हणाली. “लाकडं कुणी रचली ते विचारावं.”

आम्हाला खोल्या समजल्या. तिसऱ्या खोलीत गेलेल्यांपैकी सगळेच जिवंत नसतात, हेही समजलं, कारण ते सांगताना तिनं खडू खाली ठेवला होता.

पण गणिताला आकडे लागतात, आणि दुसऱ्या खोलीत किती माणसं आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कागदोपत्री गावात देवीचे रोगी जवळपास नव्हतेच. माळव्यात देवी हा रोग नसतो. माता येते. ती पाहुणी असते, आणि घरी पाहुणी आली याची वर्दी सरकारात कोण देतं?

आकडे कसे मिळवायचे ते आईमुळे सुचलं. आमच्या भिंतीला भिंत लावून गेंदाबाई राहायच्या. अस्सल माळवी बाई, नवऱ्याचं धान्याचं दुकान, मोठी मुलगी शांता माझ्या वर्गात. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता आई थांबली आणि म्हणाली, गेंदाबाईकडे माता आलीये. वहिनीनं विचारलं, कुणी सांगितलं?

“सांगायला कशाला पाहिजे?” आई म्हणाली. “कालपासून फोडणी नाही त्यांच्याकडे.”

माता घरात आहे तोवर तेल कढत नाही, फोडणी पडत नाही. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागतो, पण आरोग्यखात्याच्या माणसाच्या भीतीनं तो बरेच जण दाराच्या आतून लावत. फोडणीच्या बाबतीत मात्र लबाडी नव्हती. सरकारला फसवता येतं. मातेला फसवायची छाती कुणाची नव्हती. वहिनीनं लाटणं आईच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गणिताचा गृहपाठ मिळाला तो असा: सकाळी आपल्या गल्लीत किती घरांतून फोडणीचा वास आला नाही ते सांगायचं. नावं नकोत, फक्त आकडा. मुली मल्हारगंजातून यायच्या, जुन्या इंदुरातून, नंदलालपुऱ्यातून, रामबागेतून. आम्ही नाकं वर करून शाळेत यायला लागलो. एका मुलीनं उभं राहून विचारलं, बाई, ज्यांच्याकडे तेलच नसतं त्यांचं काय करायचं? वर्ग हसला. वहिनी हसली नाही. तिनं गृहपाठ दुरुस्त केला: ज्या घरातून एरवी येतो आणि आज आला नाही, तेच मोजायचं.

फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ वाढू लागली. तिच्याखाली लिहिलेलं असे, ‘पुसू नये’. रोज एक ठिपका. आधी रेघ आडवी चालली, मग तिनं मान उचलली. रंगपंचमीला सगळं इंदूर रस्त्यावर येऊन एकमेकांच्या अंगावर पडलं, आणि वहिनी माडीवरून तो सोहळा अशा चेहऱ्यानं बघत होती की आईला वाटलं तिला माहेरची आठवण आली. ती मनात हिशेब करत होती. या गर्दीतून जे दुसऱ्या खोलीत जातील ते अंथरुणाला लागायला साधारण दहा-बारा दिवस जातील. म्हणजे पाडवा. रेघेचं शिखर पाडव्यानंतरच्या आठवड्यात. आणि त्याच आठवड्यात निळ्या पेन्सिलीच्या नकाशाप्रमाणे गावातली झाडून सगळी मुलं, खांद्याला खांदा लावून, मंत्र्यांसाठी रस्त्यावर उभी राहायची होती. बहुतेकांच्या देवी काढलेल्या नव्हत्या. आमच्या शाळेतल्या मुलींच्याही नव्हत्या.

ती आरोग्यखात्यातल्या एका डॉक्टरांना भेटून आली. भला माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि सांगितलं की देवी काढणारे कर्मचारी सध्या कमानींच्या कामाला लावले आहेत. स्वागत झालं की मोकळे होतील.

मग तो दिवस आला. सकाळी मुलींनी आकडे सांगायला सुरुवात केली आणि वहिनीच्या हातातला खडू थांबला. मल्हारगंजात जवळजवळ एकाही घरातून वास नाही. जुन्या इंदुरात नाही. नंदलालपुऱ्यात तुरळक. ठिपका काढायला फळा पुरेना. तिनं शाळा सुटायची वाट पाहिली नाही. तशीच घरी आली आणि सरळ बैठकीत शिरली, जिथे समितीची सभा चालू होती आणि जिथे आमच्या घरातली बाई चहाचा ट्रे दारात ठेवण्यापलीकडे कधी गेली नव्हती. मी तिच्यामागून धावत आले होते आणि दारातच थांबले.

मुलांना रस्त्यावर उभं करू नका, ती म्हणाली. निम्मं गाव दुसऱ्या खोलीत गेलं आहे.

कुठली खोली, मामासाहेबांनी विचारलं. तिनं सांगितलं. फोडणीचंही सांगितलं. ते ऐकता ऐकता मामासाहेबांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आज शीतला सप्तमी आहे. बासोडा. अख्ख्या माळव्यात आज चूल पेटत नाही, कालचं शिळं खातात. मी स्वतः शिळ्या पुऱ्या खाऊन आलोय.”

साताऱ्याला बासोडा नसतो. आमच्या घरीही नव्हता. आम्ही आपले ऊन वरण-भात खाऊन बसलो होतो. आणि आम्हा मुलींना? आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाईंनी वास आला का एवढंच विचारलं होतं, का आला नाही हे विचारलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगायचं, असं शाळेनं आम्हाला शिकवलं होतं, आणि तेवढं एक शिक्षण पक्कं झालं होतं.

सगळी बैठक हसत होती. कुणीतरी म्हणालं, “जाने दो भिया, घरची सून आहे.” अण्णा नकाशाकडे बघत होते. वहिनी लाल झाली. मला वाटलं ती आता आत पळेल. ती तिथेच उभी राहिली, हसणं संपेपर्यंत. मग म्हणाली:

“आजचा दिवस काढून टाका. रेघ तरीही वरच जाते.”

मामासाहेबांनी डोळे पुसले. बरं, म्हणाले, मग तारीख सांगा. शास्त्रीबुवांनी स्वागताचा मुहूर्त घटका-पळांसकट काढून दिलाय. तुमच्या गणितानं शिखराची तारीख द्यावी, वार द्यावा, आम्ही विचार करू.

तारीख देता येत नाही, वहिनी म्हणाली, आठवडा देता येतो.

“मग शास्त्रीबुवा बरे.”

“शास्त्रीबुवा चुकले तर काय करतात, ते त्यांना विचारा,” वहिनी म्हणाली. “मी आत्ता तुमच्यासमोर चुकले आणि तुमच्यासमोरच दुरुस्त केलं.”

पुढच्या आयुष्यात मी बरीच पुस्तकं वाचली. विज्ञान म्हणजे काय यावर जाडजूड ग्रंथ वाचले, मोठमोठ्या लोकांची उद्घाटनाची भाषणं ऐकली. त्या एका वाक्याच्या पलीकडे त्यात कुणी गेलेलं मला आढळलं नाही.

त्या संध्याकाळी अण्णा जेवताना म्हणाले, “माझी इज्जत घालवून राहिलीस तू, कुमुद.” तिनं भात वाढता वाढता विचारलं, तुमच्या नकाशात आमची शाळा कुठे आहे? सराफ्याच्या तोंडाशी, अण्णा म्हणाले. जागा सांगताना त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता. ती मोक्याची जागा होती. मुलींमध्ये अंतर किती, तिनं विचारलं. अंतर कसलं, खांद्याला खांदा. त्या दिवशी अण्णांनी ताक मागितलं नाही, जे ते रोज मागत.

वहिनीनं वर्गात सांगून टाकलं, रांगेत जायचं नाही. ते कळताच मोठ्या बाईंनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं: मुली रांगेत उभ्या राहिल्या नाहीत तर तुमची नेमणूक पुढे चालणार नाही. वहिनी म्हणाली, नेमणूक तशीही तात्पुरतीच आहे, व्रण कायमचे असतात. हे तिनं नाटकीपणानं म्हटलं असेल असं मला वाटत नाही. तिला आकड्यांत बोलायची सवय होती आणि हाही तिच्या लेखी हिशेबच होता.

पण मुलींना घरी ठेवून भागत नव्हतं. देवी काढायला हव्या होत्या. आणि त्या दिवसांत मातेचा कोप ओढवून मुलीच्या दंडाला सुई लावू देणारी आई शोधून सापडली नसती. गेंदाबाईंच्या घरची माता तोवर परत गेली होती. शांताचा धाकटा भाऊ वाचला होता, एक डोळा देऊन. त्यांच्या अंगणात आसपासच्या आया जमल्या. वहिनी मध्ये बसली, साताऱ्याच्या हिंदीची सगळी शिबंदी घेऊन.

“माता को कौन रोक सका है, मास्टरनीजी?” गेंदाबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

वहिनी म्हणाली, “रोकनेका नहीं. पाहुणी कब आनेवाली है, वो मैं बताती. और पाहुणी आनेवाली है ये मालूम पडा, तो घर पहले से झाडते ना?”

अंगणातल्या कडुलिंबाची फुलं गेंदाबाईंच्या पदरावर पडत होती आणि त्या ती एकेक करून झटकत होत्या. मग म्हणाल्या, “झाड़ना तो पड़े.” आणि शांताला पुढे केलं.

पुढे एकदा मी वहिनीला विचारलं की हे खोटं नव्हतं का? ती माता-बिता मानत नव्हती. ती म्हणाली, समीकरणात क्ष लिही नाहीतर माता लिही, उत्तर तेच येतं.

राहिला देवी काढणारा. त्या भल्या डॉक्टरांनी कागदावर काही दिलं नाही. त्यांनी फक्त एक कर्मचारी आमच्या शाळेत फाटकाच्या कमानीचं माप घ्यायला पाठवला. त्याच्या पेटीत मापाची फीत नव्हती. बर्फात गुंडाळलेल्या लशीच्या बारीक नळ्या होत्या. शाळा भरायच्या आधी त्यानं मागच्या व्हरांड्यात सगळ्यांचे दंड मोजले म्हणा ना. आमच्या शाळेला कमान कधीच झाली नाही. त्या वर्षी जेवढ्या कमानींवर खर्च झाला त्यांतली उपयोगी पडलेली ती एकच.

सगळ्या आया तयार झाल्या नाहीत. काही मुली त्या दिवशी आल्याच नाहीत. आणि ज्यांच्या काढल्या त्यांचे दंड सुजले, अंगात कणकण आली. वहिनीनं पुन्हा सांगितलं: रांगेत कुणीही जायचं नाही, टोचलेल्यांनी नाही आणि न टोचलेल्यांनी तर नाहीच.

स्वागताच्या दिवशी मी सराफ्याच्या तोंडाशी असलेल्या आमच्या एका नातेवाइकांच्या गॅलरीत होते, दुखरा दंड पोटाशी धरून. खाली रस्त्यावर रांग होती. इस्त्रीचे सदरे, कागदी झेंडे, तेलानं चापून बसवलेले केस, डोक्यावर चैत्राचं ऊन. आणि त्या रांगेत, बरोबर आमच्या खाली, एक भोक होतं. एका शाळेएवढं. दोन्ही बाजूंची मुलं तिथपर्यंत येऊन थांबली होती, जणू मध्ये नदी आहे. त्या मोकळ्या जागेत एक गाय उभी होती आणि एका दुकानाच्या पायरीवर, सावलीत, पदर डोक्यावर घेऊन कुमुदवहिनी.

मामासाहेब पाहणी करत मोटारीतून आले. पागोटं, मोत्यांचा तुरा. भोक पाहून मोटार थांबली. अण्णा नकाशाची गुंडाळी काखेत धरून पुढे झाले. मामासाहेबांनी दोन्हीकडच्या मुलांना सरकवून जागा भरून घ्यायला सांगितलं. मी गॅलरीतून वाकून बघत होते. अण्णांनी आधी पायरीकडे पाहिलं नाही, मग पाहिलं.

“ती जागा त्या शाळेची आहे, मामासाहेब,” अण्णा म्हणाले. “मुली येतील तेव्हा तिथे उभ्या राहतील.”

“येणार नाहीत त्या. भरून घ्या.”

“नकाशा बदलावा लागेल.”

“मग बदला.”

“मंजूर झालेला आहे,” अण्णा म्हणाले, आणि गुंडाळी काखेतून काढून छातीशी धरली.

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी क्रांती केली नाही. चळवळीच्या दिवसांत ते वेळेवर कचेरीत जात होते. पण लाल फितीची ताकद मी त्या दिवशी पाहिली, आणि तेव्हापासून त्या फितीला सरसकट शिव्या देत नाही. मामासाहेब मोटारीतून उतरायला लागले, तोच तिकडून बँड वाजायला लागला.

मंत्री उघड्या मोटारीतून गेले. हात जोडलेले होते, ते त्यांनी भोकापाशीही सोडले नाहीत. गायीला आणि माझ्या वहिनीला त्यांनी नमस्कार केला. राजकारणातला इतका निरुपद्रवी नमस्कार त्यानंतर माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बैठकीत बसले होते. भिंतीवरचा नकाशा उतरला होता, टाचण्यांची चार भोकं उरली होती. वहिनी चहा घेऊन दारापर्यंत आली. अण्णांनी वर न बघता विचारलं, “काल तुझी रेघ कुठवर गेली?”

ती आत गेली. बैठकीच्या आत, आणि बसून सांगितलं.

लाट आली. वहिनीनं सांगितलं होतं त्यापेक्षा आठवडाभर उशिरा, आणि तिच्या रेघेपेक्षा बुटकी. मामासाहेबांनी समितीच्या आभाराच्या सभेत हे आवर्जून सांगितलं की सूनबाईंचं गणित चुकलं. त्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या वाड्यावर फोडणी पडत नव्हती. माझी एक मैत्रीण त्याच गल्लीत राहायची. मामासाहेबांचा नातू वाचला, हे ऐकून वहिनीला बरं वाटलं. तेही तिनं मोजलं. पण आमच्या शाळेच्या जागेच्या दोन्ही अंगांना ज्या शाळा होत्या, त्यांतल्या काही मुली पुढे कुठल्याच रांगेत दिसल्या नाहीत. त्यांना रांगेत लागण झाली की घरात, हे कोण सांगणार? कुणी मोजलं नाही. मोजणारी एक होती, तिला उन्हाळ्याच्या सुटीआधीच शाळेतून नारळ मिळाला.

ती रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी. पुढे कित्येक वर्षं आमच्या माडीवर शिकवण्या घेत राहिली आणि भल्याभल्या डॉक्टर-इंजिनिअरांचे कान तिनं त्या माडीवर धरले. ज्या राज्याचं एवढं स्वागत केलं, ते मध्यभारत काही वर्षांत नकाशावरून पुसलं गेलं. देवी त्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकल्या, मग त्याही गेल्या, जगातूनच गेल्या.

उतारवयात आमच्या वर्गातल्या आम्ही सगळ्या एकदा जमलो. शांतानं सगळ्यांचा फोटो काढून घेतला आणि तो घेऊन आम्ही वहिनीकडे गेलो. म्हटलं, बघा, बाई, एकाही चेहऱ्यावर व्रण नाही. हा तुमचा पुरावा. तिनं चष्मा लावून प्रत्येक चेहरा पाहिला, फार वेळ पाहिला, आणि फोटो परत दिला.

“याला पुरावा म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “अगदी अशीच दुसरी एक शाळा हवी होती. तिच्या मुलींना न टोचता रांगेत उभं करायचं, आणि मग दोन्हींची तुलना.”

शांतानं विचारलं, मग तुम्ही केली असती उभी?

“नाही,” वहिनी म्हणाली.

गणिताला दुसरी शाळा हवी होती, वहिनीला ती नको होती. लोक म्हणतात अंदाज चुकला. मी गेली सत्तर वर्षं त्यांच्याशी भांडते आहे. जे येणार ते सांगायचं, ते येऊ नये म्हणून राबायचं, आणि ते कमी आलं की चुकलात म्हणून ऐकून घ्यायचं, हे ज्याला परवडतं त्यानंच ही रेघ काढावी. टीव्हीवरच्या रंगीत डोंगरवाल्यांना मी एवढंच विचारीन: तुमच्यातलं कोण पायरीवर बसलं होतं?

वहिनीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज सकाळी मी मोजत मोजत गेले, तर पिंपळाजवळच्या घरातून वास आला नाही. काल होता, परवाही होता. एरवी येतो आणि आज नाही. मी फाटकाशी थांबले. बराच वेळ थांबले असेन, कारण आतली मुलगी बाहेर आली, हातात मोबाइल.

“काय झालं आजी? पोहे पाहिजेत का?” ती म्हणाली. “आज संडे आहे ना, तर बाहेरून मागवून राहिले मी.”

मी म्हटलं, नको. आजचा दिवस काढून टाकला, आणि पुढच्या दाराशी जाऊन नाक वर केलं.